विश्लेषण : ‘नव्या संशोधनानुसार…’ या वाक्यावर विश्वास कधी ठेवायचा?

जून २०२४ च्या अखेरीस ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकातील अल्झायमरविषयीचा एक शोधनिबंध मागे घेण्यात आला. तो प्रसिद्ध झाला होता २००६ मध्ये. मधल्या १८ वर्षांत दोन हजारांहून अधिक शोधनिबंधांनी त्याचा उल्लेख केला होता. त्यानंतर जेमतेम आठवडाभराने, जुलैच्या सुरुवातीला, गणित आणि संगणकशास्त्राच्या सीमेवरचा एक जुना प्रश्न सुटल्याचे जाहीर झाले. तो सोडवणाऱ्यांत अनेक जण हौशी होते. निर्णायक वाटा उचलणारी एक व्यक्ती तर केवळ टोपणनावाने वावरणारी. तरीही त्या उत्तराबद्दल तज्ज्ञांना शंका उरली नाही. नामांकित ठिकाणी छापलेला निष्कर्ष कोसळतो आणि अनोळखी व्यक्तीने दिलेले उत्तर टिकते, असे का घडते? संशोधनाच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आणि त्यावरून आहार, औषधे, मुलांचे संगोपन याविषयी निर्णय घेणाऱ्या प्रत्येकासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘बिझी बीव्हर’चे उत्तर इतके खात्रीचे का?

हा प्रश्न हंगेरियन-अमेरिकी गणितज्ञ टिबॉर राडो यांनी १९६२ मध्ये मांडला. पाचच अंतर्गत अवस्था असलेला आणि एका लांबलचक पट्टीवर शून्य किंवा एक लिहिणारा एक साधा काल्पनिक संगणक घ्या. कोऱ्या पट्टीपासून सुरुवात केल्यास तो जास्तीत जास्त किती पावले चालून मग थांबू शकतो? कायम चालत राहणारे संगणक यात धरायचे नाहीत. ४ कोटी ७१ लाख ७६ हजार ८७० पावले चालून थांबणारा संगणक दोन जर्मन संशोधकांनी १९८९ मध्येच शोधला होता. पण त्याहून जास्त चालून थांबणारा दुसरा कोणी नाही, हे सिद्ध करायचे राहिले होते. त्यासाठी १८ कोटींहून अधिक संगणकांपैकी प्रत्येक जण एक तर आधीच थांबतो किंवा कधीच थांबत नाही, हे दाखवणे भाग होते. २०२२ मध्ये त्यासाठी एक खुला ऑनलाइन उपक्रम सुरू झाला आणि दोन वर्षांत काम फत्ते झाले.

यातली मेख अशी की, संपूर्ण सिद्धता ‘कॉक’ नावाच्या सिद्धता-तपासनीस प्रणालीत लिहिली गेली. ही प्रणाली सिद्धतेची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून नियमाने निघते की नाही, हे तपासते. एक पायरी जरी निसटली तरी ती पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे सिद्धता कोणी लिहिली, त्याची पदवी काय, तो कुठल्या विद्यापीठात आहे, हे प्रश्नच गैरलागू ठरतात. कोणीही तो मजकूर आपल्या संगणकावर चालवून पाहू शकतो.

मग गणितात चुका होतच नाहीत का?

होतात. सिद्धता आटोपशीर असेल तर माणसे ती चटकन तपासतात. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे वेगाने आणि खात्रीने ठरवण्याची पद्धत आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये मांडली. युक्तिवाद इतका सुटसुटीत होता की, जगभरच्या तज्ज्ञांनी काही दिवसांतच त्यावर पसंतीची मोहोर उमटवली.

अडचण येते ती लांबलचक सिद्धतांची. बाजारात संत्री रचताना फळविक्रेता प्रत्येक संत्रे खालच्या थरातल्या खोबणीत बसवतो. सारख्या आकाराचे गोळे रचण्याची याहून दाट पद्धत नाही, असे योहान्नेस केप्लर यांनी १६११ मध्ये म्हटले होते. याची सिद्धता अमेरिकी गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये दिली. पण तिच्यात शेकडो पानांबरोबरच संगणकाने केलेली प्रचंड आकडेमोड होती. १२ तज्ज्ञांच्या पथकाने काही वर्षे डोके खपवले आणि अखेर ‘९९ टक्के खात्री आहे’ असे कळवले. उरलेला एक टक्का हेल्स यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी स्वतःचीच सिद्धता संगणकाकडून पायरी-पायरीने तपासून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. तो २०१४ मध्ये पूर्ण झाला.

आता हा मार्ग रुळतो आहे. फील्ड्स पदकविजेते पीटर शोल्झे यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच एका अवघड प्रमेयाची सिद्धता तपासून द्या, असे जाहीर आवाहन केले. ‘लीन’ या प्रणालीच्या मदतीने स्वयंसेवकांनी जुलै २०२२ पर्यंत ती पूर्ण तपासली. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेरेन्स टाओ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दिलेल्या एका सिद्धतेची अशीच तपासणी अवघ्या तीन आठवड्यांत झाली. अर्थात यालाही मर्यादा आहे. युक्तिवाद बरोबर आहे की नाही, एवढेच यंत्र सांगते. मुळात प्रश्न नीट मांडला गेला का, हे माणसांनाच पाहावे लागते.

संगणकशास्त्रात ‘पेपरफुटी’ कशी होते?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात सिद्धता नसते, परीक्षा असते. प्रणालीला हजारो उदाहरणे दाखवून शिकवायचे आणि मग न पाहिलेल्या उदाहरणांवर तिची चाचणी घ्यायची. ही परीक्षा किती कडक, यावर निष्कर्षाचा भरवसा ठरतो.

कडक परीक्षेचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधण्याची ‘कॅस्प’ ही स्पर्धा. १९९४ पासून ती दर दोन वर्षांनी होते. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगशाळेत उलगडली आहे किंवा उलगडत आहे, पण अद्याप जाहीर झालेली नाही, तीच प्रथिने स्पर्धकांना दिली जातात. म्हणजे उत्तरपत्रिका कुलूपबंद. २०२० मध्ये गुगल डीपमाइंडच्या ‘अल्फाफोल्ड’ने या परीक्षेत इतरांना मागे टाकले, म्हणूनच त्या यशावर जीवशास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना याच कामासाठी मिळाले. पारितोषिकाचा अर्धा वाटा नवी प्रथिने घडवणाऱ्या डेव्हिड बेकर यांना गेला.

याच्या उलट उदाहरण करोनाकाळातले. छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन पाहून करोनाचे निदान करणाऱ्या प्रणालींचे शोधनिबंध तेव्हा धडाधड येत होते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी अशा दोन हजारांहून अधिक निबंधांची छाननी करून गुणवत्तेच्या निकषावर ६२ निवडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, त्यांपैकी एकही प्रणाली रुग्णालयात वापरण्याजोगी नव्हती. काही अभ्यासांत करोनाबाधितांचे एक्स-रे प्रौढांचे होते, तर तुलनेसाठी घेतलेले एक्स-रे लहान मुलांचे. प्रणाली आजार ओळखायला नव्हे, तर मूल आणि मोठा माणूस यांतला फरक ओळखायला शिकत होती. शिकवताना वापरलेलीच माहिती चाचणीत डोकावली तरी असेच होते. आधी पेपर फुटला असेल तर ९५ टक्के गुणांना अर्थ राहत नाही, तसेच हे.

मानसशास्त्रात काय घडले?

मानसशास्त्राला हा धडा सर्वांत जाहीरपणे मिळाला. ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने सुमारे २७० संशोधकांनी नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. त्याचा अहवाल २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय परिणाम नोंदला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आढळला.

पालकांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे ‘मार्शमॅलो’ प्रयोग. आत्ता एक गोड वडी खा, किंवा थोडे थांबलास तर दोन मिळतील, असे लहान मुलांना सांगायचे. जी मुले थांबली ती पुढे शिक्षणात चमकली, असा निष्कर्ष वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगातून निघाला आणि संयम शिकवा म्हणजे मूल यशस्वी होईल, असा संदेश जगभर पोहोचला. पण नंतरच्या गुणांचा दावा ज्या मुलांवर उभा होता, त्यांची संख्या शंभरापेक्षा कमी होती. शिवाय ती सगळी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतली. २०१८ मध्ये ९०० हून अधिक आणि वेगवेगळ्या आर्थिक थरांतील मुलांवर हा अभ्यास झाला. तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी लक्षात घेतल्यावर तोही सुमारे दोन तृतीयांशाने घटला. ज्या घरात उद्याची शाश्वती नसते, तिथले मूल हातातली वडी सोडत नाही, याला केवळ संयमाचा अभाव म्हणता येत नाही.

म्हणून सगळे मानसशास्त्रच पोकळ, असे मात्र नाही. २०१४ च्या एका प्रकल्पात ३६ गटांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींवर १३ परिणाम तपासले गेले. त्यांपैकी १० टिकले. आधी कानावर पडलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो, हा त्यांतलाच एक. खोडलेली मोठी किंमत शेजारी छापून ‘सवलत’ दाखवणारा दुकानदार हेच तर ओळखून असतो.

प्रामाणिक संशोधकाचाही निष्कर्ष चुकीचा कसा ठरतो?

बहुतेक वेळा फसवणूक नव्हे, तर साधे गणित याला कारणीभूत असते. अनेक विद्याशाखांत एक संकेत आहे : प्रत्यक्षात काहीच परिणाम नसताना केवळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर तो लक्षणीय मानायचा. आता समजा, संशोधकांनी २०० कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या २० खऱ्या आहेत. नमुने लहान असल्याने खऱ्यांपैकी निम्म्याच, म्हणजे १०, पकडल्या गेल्या. उरलेल्या १८० चुकीच्या कल्पनांपैकी पाच टक्के, म्हणजे नऊ, योगायोगाने ‘उत्तीर्ण’ झाल्या. एकूण १९ शोध जाहीर झाले आणि त्यांतले नऊ खोटे. कोणीही खोटे बोललेले नाही, तरी जवळजवळ निम्मे निष्कर्ष चुकीचे.

त्यात भर पडते ती निवडीची. एकाच माहितीवर २० वेगवेगळ्या कसोट्या लावून पाहिल्या, तर निदान एक तरी योगायोगाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. ‘परिणाम आढळला नाही’ असे निबंध नियतकालिके फारशी छापत नाहीत आणि संशोधकही ते लिहीत बसत नाहीत. त्यामुळे वाचकासमोर येतात ते बहुतांशी ‘उत्तीर्ण’ झालेलेच निष्कर्ष.

जैववैद्यकीय संशोधनात धोका मोठा का?

कारण तिथे चुकीच्या निष्कर्षाची किंमत रुग्ण मोजतात. ॲमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ महत्त्वाचे अभ्यास पुन्हा करून पाहिले. २०१२ मध्ये त्यांनी सांगितले की, त्यांपैकी सहाच जुळले. त्यानंतर झालेल्या स्वतंत्र प्रकल्पाचा अहवाल २०२१ मध्ये आला. ५३ निबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करायचे ठरले होते. प्रत्यक्षात २३ निबंधांतील ५० प्रयोगच करता आले. मूळ लेखकांना न विचारता करता येईल इतक्या तपशिलाने एकाही प्रयोगाची कृती निबंधात दिलेली नव्हती. जे प्रयोग झाले, त्यांत दिसलेला परिणाम मूळ परिणामापेक्षा साधारणपणे ८५ टक्क्यांनी कमी होता.

अल्झायमरच्या मागे घेतलेल्या निबंधाची गोष्ट वेगळी आहे. मेंदूतील एका विशिष्ट प्रथिनसमूहामुळे उंदरांची स्मरणशक्ती घटते, असा त्याचा दावा होता. त्यातील काही छायाचित्रे संशयास्पद असल्याचे अमेरिकेतील एका मेंदूविकारतज्ज्ञाने शोधले आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ने त्याचा तपास प्रसिद्ध केला. छायाचित्रांत फेरफार झाल्याचे निबंधाच्या ज्येष्ठ लेखिकेने मान्य केले. मात्र मूळ निष्कर्ष खरा असल्याची त्यांची भूमिका कायम राहिली. प्रथम लेखकाने निबंध मागे घेण्यास संमती दिली नाही. तो मागे घेतल्याने अल्झायमरचे सारे संशोधन बाद होत नाही. मेंदूत साठणाऱ्या ‘अमायलॉइड’वर काम करणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाची सुमारे १,८०० रुग्णांवर स्वतंत्र चाचणी झाली. त्यात १८ महिन्यांत आजाराचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. हा परिणाम माफक आहे, शिवाय मेंदूत सूज किंवा रक्तस्रावाचा धोकाही आहे. पण तो तपासलेला आहे. चुकीच्या वाटेवर गेलेली वर्षे मात्र रुग्णांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांना परत मिळत नाहीत.

करोनाकाळाने काय शिकवले?

मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातील व्यक्तींना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची शिफारस केली. तेव्हा पुरावा प्रामुख्याने प्रयोगशाळेतला होता. मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये नेमका उलटा निष्कर्ष आला : ६७१ रुग्णालयांतील ९६ हजार रुग्णांच्या नोंदींनुसार हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. पण मूळ नोंदी पडताळून पाहायला मिळाल्या नाहीत आणि दोनच आठवड्यांत निबंध मागे घेतला गेला.

खरे उत्तर आले ते ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार, हे तिथे संगणकीय सोडतीने ठरत होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळालेल्या १,५४२ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार मिळालेल्या ३,१३२ रुग्णांशी केली गेली. औषधाचा फायदा दिसला नाही. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने मात्र व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने कमी केले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना फायदा आढळला नाही. निष्कर्षाचा हा दुसरा भाग अनेकदा विसरला गेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा तज्ज्ञांनी अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडच्या अवाजवी वापराकडेही बोट दाखवले. म्हणजे निष्कर्ष खरा असून भागत नाही, तो कोणासाठी खरा आहे, हेही पाहावे लागते.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे काय तपासणार हे आधीच जाहीर करणे. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. अमेरिकेत हृदयविकारावरील मोठ्या, सरकारी अर्थसाह्याच्या चाचण्यांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचार लाभदायक ठरले होते. त्यानंतर पूर्वनोंदणीचा नियम आला आणि पुढच्या २५ पैकी दोनच चाचण्यांत लाभ दिसला. भारतातही ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध चाचण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते.

दुसरा उपाय म्हणजे मूळ माहिती आणि संगणकीय आज्ञावली खुली ठेवणे. तिसरा म्हणजे जुने प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना निधी आणि श्रेय देणे. आजही नोकरी आणि बढती मिळते ती नव्या शोधाला, जुना शोध तपासणाऱ्याला नव्हे.

वाचकाने काय पाहावे?

‘नव्या संशोधनानुसार’ असे वाचल्यावर चार प्रश्न पुरेसे आहेत. अभ्यास कोणावर झाला – पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि किती जणांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता का आणि गट सोडतीने पाडले होते का? काय मोजणार हे आधी जाहीर केले होते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, दुसऱ्या कोणी तो स्वतंत्रपणे करून पाहिला का? चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बातमी खोटी ठरत नाही. ती अद्याप अर्धवट आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या भरवशावर चालू औषध बंद करू नये, नवे सुरू करू नये.

हेल्स यांना एक टक्का शंका पुरली आणि त्यांनी अकरा वर्षे स्वतःचेच काम तपासण्यात घालवली. निबंध मागे घेतला जाणे हे विज्ञानाचे अपयश वाटते. मात्र चूक शोधणारी, ती मान्य करायला लावणारी माणसे आणि व्यवस्था तिथे आहेत, याचीही ती खूण आहे. या दुरुस्तीला १८ वर्षे लागू नयेत, हे आव्हान उरते.